अनामतीचा हिशेब संगणकावर नेताना

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही सात जण मिळून रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतो. सगळे बिनपगारी. ६ व्हीलचेअर, २२ वॉकर, ९ एअरबेड, ४ फाउलर कॉट (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली करता येणारे रुग्णाचे पलंग) आणि कोरोनाच्या काळात मिळालेले २ ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, एवढा पसारा आहे. अनामत घेऊन साहित्य देतो, भाडे नाममात्र. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, ऐंशी-जीसुद्धा आहे, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळते. वर्षाकाठी देणग्या तीन-साडेतीन लाख, भाडे ऐंशी-नव्वद हजार, आणि अनामतीची ये-जा वेगळीच.

आजवर किर्द-खतावणी, म्हणजे रोजच्या नोंदींची आणि खात्यांची वही, एक निवृत्त गुरुजी लिहीत आले. आता त्यांचे वय ७८, नजर साथ देत नाही. कोषाध्यक्षपद माझ्याकडे आले आहे. मी शाळेत शिकवते, एक्सेल बऱ्यापैकी येते, जमा-नावे गुरुजींकडून शिकते आहे. सभेत तीन मते पडली. सीए म्हणतात टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर घ्या. एका विश्वस्तांचा भाचा ‘फुकटात टॅली टाकून देतो’ म्हणतो. तिसऱ्यांचे म्हणणे, मोबाइलवर ॲप असताना पैसे कशाला घालवायचे? लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा सॉफ्टवेअरवर खर्च करायला माझेही मन धजत नाही. काय करावे?
— एक कोषाध्यक्ष, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण ते बारा वर्षांपूर्वी मीच लिहिले असते. सहकारी बँकेतून निवृत्त झाले आणि आमच्या गावच्या अशाच केंद्राच्या हिशेबाला बसले. बँकेत एकतीस वर्षे काढली होती, तरी पहिल्या वर्षी अनामतीने मला घाम फोडला. म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी अनामतीबद्दल बोलू.

अनामत म्हणजे आपले उत्पन्न नव्हे. ती देणे आहे, ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दिसली पाहिजे. हे तुमच्या गुरुजींना पक्के ठाऊक असणार. पण किर्दीत जे सहज जमते ते संगणकावर पहिल्याच दिवशी बिघडते, कारण नवा माणूस ‘पैसे आले’ म्हटले की उत्पन्नाचे खाते निवडतो. आमच्याकडे एका वर्षी ३८,००० रुपयांची अनामत ‘इतर उत्पन्ना’त जाऊन बसली होती. ऑडिटला ती शोधण्यात दोन दिवस गेले.

दुसरी गोष्ट तुम्हालाही दर महिन्याला अनुभवाला येत असेल. घरातले माणूस जाते. दहाव्या-बाराव्यानंतर मुलगा एअरबेड धुऊन, पुसून, घडी घालून परत आणतो आणि म्हणतो, “काकू, अनामत राहू द्या, देणगी समजा.” अशा वेळी आपण दोन शब्द बोलतो आणि पावती फाडायची राहून जाते. ती त्याच दिवशी फाडायची. नोंद एकच : अनामत खाते नावे, देणगी खाते जमा. रोख हलत नाही, म्हणून हे ट्रान्सफर व्हाउचर. मोबाइलवरच्या उधारीच्या ॲपमध्ये ही नोंद नीट बसतच नाही. त्यांना ‘दिले’ आणि ‘घेतले’ एवढेच कळते. त्यामुळे तिसरे मत मी इथेच बाजूला ठेवते. ती ॲप किराणा दुकानाच्या उधारीला चांगली, विश्वस्त संस्थेला नाहीत.

याच्याशीच जोडलेली एक काळजी : २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ऐंशी-जीची सवलत मिळत नाही. म्हणून कॉन्सन्ट्रेटर किंवा कॉटची मोठी अनामत आम्ही चेकने किंवा यूपीआयनेच घेतो. पुढे ती देणगीत वळवायची वेळ आली तर त्या घराची अडचण होत नाही.

तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर समोर आले की त्याला माझा पहिला प्रश्न हा : ३१ मार्चला कुणाकुणाची किती अनामत आपल्याकडे आहे, याची नावनिशीवार यादी तू देशील का, आणि तिची बेरीज ताळेबंदातल्या आकड्याशी जुळेल का? टॅलीत हे जमते, पण बहुतेक जण प्रत्येक रुग्णाच्या नावाने वेगळे खाते उघडतात आणि दोन वर्षांत खात्यांचे जंगल होते. तसे करू नका. ‘साहित्य अनामत’ असे एकच खाते चालू देण्यांच्या गटाखाली उघडा आणि त्याला बिल-वाइज तपशील लावा. ही सोय मुळात व्यापारी देण्याघेण्यासाठी असली तरी इतर खात्यांनाही चालू करता येते. संदर्भ म्हणून अनामत पावतीचा क्रमांक टाका. परत करताना तोच क्रमांक निवडला की ती अनामत मिटते. शिल्लक राहिलेल्या क्रमांकांची यादी म्हणजेच तुमची देणी.

तोच पावती क्रमांक साहित्याच्या नोंदवहीतही लिहा. आमच्या प्रत्येक वॉकरच्या पायावर ऑइलपेंटने क्रमांक घातला आहे, वॉ-१, वॉ-२ असा. वॉकर कुणाकडे आहे ते वही सांगते, त्याचे पैसे किती ते टॅली सांगते, आणि दोन्हींना जोडणारा दोरा म्हणजे पावती क्रमांक. साहित्याची ने-आण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोंबायच्या भानगडीत पडू नका. ती वहीतच बरी. संध्याकाळी सात वाजता कुणी वॉटरबेड मागायला आले तर केंद्रावरच्या माणसाला संगणक सुरू करत बसायला लागू नये.

आता सरकारला काय लागते ते पाहू, कारण शेवटी सॉफ्टवेअरमधून तेच बाहेर काढायचे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली आपला ताळेबंद अनुसूची आठच्या आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊच्या नमुन्यात लागते. वर्ष ३१ मार्चला बंद होते आणि पुढच्या सहा महिन्यांत ऑडिट पुरे व्हावे लागते. बाजारात मिळणारे सर्वसाधारण सॉफ्टवेअर हे नमुने आयते देत नाही. सीएच्या कार्यालयात तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, घेऊन ते भरतात. म्हणून खरे काम तुमचे आहे आणि ते सॉफ्टवेअर घेण्याआधीचे आहे : खात्यांची यादी या नमुन्यांप्रमाणे पाडायची. नऊमध्ये मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, ऑडिट फी आणि न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च हे वेगवेगळे येतात. उद्दिष्टांमध्ये पुन्हा धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य आणि इतर धर्मादाय असे पोटभाग आहेत. तुमच्या एअरबेडच्या पंपाची दुरुस्ती वैद्यकीय मदतीत जाईल, केंद्राच्या खोलीचे वीजबिल आस्थापनेत. ‘किरकोळ खर्च’ नावाचे एकच पोते करून त्यात सगळे भरले, तर मग महागातले सॉफ्टवेअरही सप्टेंबरात तुम्हाला वाचवणार नाही. गुरुजींना सोबत घेऊन एका दुपारी ही यादी कागदावर करा आणि सीएना दाखवा. तीस-पस्तीस खात्यांत तुमचे काम भागेल.

देणगीचेही प्रकार खात्यांतच दिसले पाहिजेत. सर्वसाधारण देणगी वेगळी. कॉन्सन्ट्रेटरच्या दुरुस्तीसाठीच म्हणून कुणी दिली तर ती उद्दिष्टित निधीत. आणि देणाऱ्याने लेखी सांगितले असेल तरच ती कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये. हे तीन एकत्र झाले की मागाहून सुटे करता येत नाहीत, कारण देणाऱ्याच्या मनात काय होते हे सांगणारी चिठ्ठी तोवर हरवलेली असते.

आयकराकडे देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत द्यायचे असते, ज्याला आपण सगळे दहा-बीडी म्हणतो. उशिराला दिवसाला २०० रुपये लागतात. ते भरल्यावर पोर्टलवरून जे प्रमाणपत्र निघते तेच देणगीदाराला सवलतीसाठी लागते, नुसत्या आपल्या पावतीवर आता भागत नाही. नव्या आयकर कायद्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलत आहेत, म्हणून मे उजाडायच्या आत सीएंना विचारून घ्या. विवरणात लागते ते नाव, पत्ता, पॅन, देणगीचा प्रकार, रोख की बँकेतून आणि रक्कम. पॅन नसेल तर आधार, मतदार ओळखपत्र किंवा रेशन कार्डाचा क्रमांकही चालत आला आहे. इथे तुमचे एक्सेल कामाला येईल. याच रकान्यांची एक फाइल एप्रिलपासून ठेवा, पावती फाडली की त्याच आठवड्यात ओळ भरा. या कामासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. फक्त महिनाअखेरीस या फाइलची बेरीज देणगी खात्याच्या बेरजेशी ताडून पाहा.

मग सगळाच हिशेब एक्सेलमध्ये का नाही? कारण एक्सेलमध्ये कुणाचाही हात कुठल्याही आकड्यावर पडू शकतो आणि पडल्याचे कळत नाही. आमच्या एका फाइलीत बेरजेचे सूत्र २४० व्या ओळीवर थांबले होते. खाली ३१ ओळी आणखी भरल्या गेल्या, त्या बेरजेत आल्याच नाहीत. जमा-नावे जुळते की नाही हे एक्सेल आपणहून विचारत नाही. गुरुजींच्या खतावणीत ते आपोआप तपासले जाते. ते सोडून मागे जाऊ नका.

आता भाच्याच्या ‘फुकट टॅली’बद्दल. तो चांगल्या मनाने म्हणत असेल. पण फुकट म्हणजे एक तर चोरून उतरवलेली प्रत, आणि ती लोकांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्थेत मुळीच नको. किंवा शिकण्यासाठीचा एज्युकेशनल मोड. त्यात महिन्याची पहिली, दुसरी अशा दोन-तीन ठरावीक तारखांनाच नोंद करता येते. मी एका संस्थेची अशी किर्द हातात घेऊन पाहिली आहे. पानामागून पान, सगळ्या देणग्या १ तारखेला, सगळे खर्च २ तारखेला. बँक पासबुकात १७ ऑगस्टला जमा झालेला चेक किर्दीत १ ऑगस्टला, म्हणजे बँकेत यायच्या सोळा दिवस आधी. ज्या बाईंनी ते लिहिले होते त्यांनी रात्री जागून लिहिले होते, एक पैसा इकडचा तिकडे नव्हता, आणि तरी त्या वर्षाचा बँक मेळ घालता आला नाही. मला त्यांचे फार वाईट वाटले.

खरोखरच विनामूल्य आणि सरळ मार्गाने मिळणारे म्हणजे जीएनयूकॅश. मुक्त सॉफ्टवेअर आहे, दुहेरी नोंदीचे आहे, विंडोजवर आणि लिनक्सवर चालते. मी स्वतः घरच्या हिशेबासाठी दोन वर्षे वापरले. किर्द-खतावणी समजणाऱ्याला ते लगेच समजते. मला ते आवडते, आणि पुण्या-मुंबईत जाणकार माणूस हाताशी असलेल्या संस्थेला मी ते बेलाशक सुचवेन. महिन्याच्या किंवा वर्षाच्या वर्गणीवर चालणारी झोहो बुक्ससारखी ऑनलाइन सॉफ्टवेअरही आहेत. दोन विश्वस्त दोन गावांत असतील तर त्यांची मोठी सोय होते. पण ती मुळात बिले करणाऱ्या धंद्यासाठी घडवलेली असतात, आणि वर्गणी कधीच संपत नाही. २०२२ साली आलेल्या आयकर नियमाने आपल्यासारख्या संस्थांना वह्या दहा वर्षे जपायच्या आहेत. संगणकात ठेवलेल्या चालतात, पण दहा वर्षांनी उघडल्या पाहिजेत.

तुम्हाला मात्र मी टॅली घ्या असेच सांगेन. रीतसर विकत घेतलेले, संस्थेच्या नावावर. याचे कारण टॅलीतली कुठली सोय नाही. तुमच्या तालुक्याच्या गावी वाणिज्य शाखेची जी मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांतल्या निम्म्यांनी कुठल्या ना कुठल्या क्लासात टॅली शिकलेली असते. उद्या तुमची बदली झाली, आजारपण आले, तर वही उघडून पुढची ओळ लिहू शकणारा माणूस दोन गल्ल्या सोडून सापडेल. जीएनयूकॅश जाणणारा सापडणार नाही. तुमचे सीएही टॅलीतच काम करतात, म्हणजे मार्चनंतर डेटा तसाच देता येईल.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगते. आमच्या केंद्राचा हिशेब एकेकाळी एका तरुण कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर होता. मुलगा गुणी, काम चोख. त्याला बंगळूरला नोकरी लागली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. तीन महिन्यांनी लॅपटॉप बिघडला, दुरुस्तीत सगळे पुसले गेले. आमच्याकडच्या पेन ड्राइव्हमधला बॅकअप चौदा महिन्यांपूर्वीचा निघाला. आम्ही चौघी-पाच जणी अकरा रविवार माझ्या ओसरीवर बसलो. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, पासबुक, खर्चाची बिले, आणि एकेक नोंद पुन्हा. पैशांचा मेळ लागला. पण ४३ अनामतींपैकी तीन कुणाच्या ते कळेना, कारण त्या पावतीपुस्तकाची शेवटची पाने पावसाने भिजून चिकटली होती. पुढच्या श्रावणात एका वाडीवरून एक गृहस्थ आले. रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून चौघडी घातलेली आमची पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली. १,५०० रुपये, वडिलांच्या कॉटचे. “उशीर झाला, चालेल का?” म्हणाले. आम्ही त्यांचा आकडा शोधत वर्षभर बसलो होतो आणि ते आम्हालाच विचारत होते. त्या दिवसापासून आमच्या केंद्राचा हिशेब कुणाच्याही घरच्या यंत्रावर नाही.

म्हणून हे नक्की करा. संगणक केंद्राच्या खोलीत, संस्थेचा. परवान्याला जोडायचा ईमेल संस्थेचा, त्याचा पासवर्ड दोघांकडे. टॅलीव्हॉल्टचे कुलूप लावणार असाल तर तो पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांच्या कपाटात, कारण तो विसरला तर डेटा उघडत नाही. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोन पेन ड्राइव्हवर बॅकअप, एक केंद्रात, एक दुसऱ्याच घरी. आणि किर्द व तेरीज छापून दोन विश्वस्तांच्या सह्यांनिशी फाइलला. वीस-पंचवीस पाने होतील, होऊ द्या. आमच्या त्या अकरा रविवारांत कागदानेच आम्हाला तारले होते.

पैशांचे म्हणाल, तर मी शेवटची चौकशी केली तेव्हा एका संगणकाचा कायमचा परवाना २२,५०० रुपये आणि वर जीएसटी असा होता. तुम्ही आजचा भाव विचारा. पुढे दर वर्षी नूतनीकरण घ्या म्हणून विक्रेता मागे लागेल. नाही घेतले तरी हातात असलेली आवृत्ती चालत राहते, नव्या सुधारणा तेवढ्या मिळत नाहीत. तुमच्या आकाराच्या संस्थेने दोन-तीन वर्षे नूतनीकरणाशिवाय काढायला हरकत नाही. आणि ही रक्कम देणग्यांतून काढायला मन धजत नसेल तर एखाद्या देणगीदाराला स्पष्ट सांगून मागा : “हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी हवेत.” आम्हाला एका औषध दुकानदारांनी पूर्ण रक्कम दिली. हिशेब नीट राहावा यासाठी द्यायला लोक तयार असतात. आपणच मागायला संकोचतो.

सुरुवात १ एप्रिलला करा, मधेच नको. ३१ मार्चच्या शिल्लका गुरुजींच्या खतावणीतून घ्या, अनामती एकेक पावतीनिशी चढवा. टॅलीत नफा-तोटा पत्रकाऐवजी उत्पन्न-खर्च पत्रक दाखवण्याचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी निवडा. जमा-खर्च पत्रक, म्हणजे रिसीट्स अँड पेमेंट्स, त्यात तयार मिळते. ते सीएना लागेल, कारण आयकरात संस्थेचा खर्च पैसे प्रत्यक्ष दिले तेव्हाच धरतात. आणि एप्रिल, मे, जून हे तीन महिने वही आणि टॅली दोन्ही चालू ठेवा. गुरुजींना दिसत नसेल तर तुम्ही वाचा, ते जमा की नावे ते सांगतील. महिनाअखेर दोन्ही शिलका जुळल्या की वही मिटा. त्या तीन महिन्यांत तुम्ही त्यांच्याकडून जे शिकाल ते कुठल्याही क्लासात मिळणार नाही.

प्रश्न : आमचे वाचक मंडळ आहे, वर्षाला जेमतेम साठ-सत्तर व्यवहार. आम्हीही सॉफ्टवेअर घ्यावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. चांगल्या बांधणीची किर्द, क्रमांक छापलेले पावतीपुस्तक आणि व्हाउचरची फाइल पुरे. खर्चासाठी कुणाला तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली तर ती महिन्याच्या आत मिटवा, छोट्या मंडळांचा घोटाळा तिथेच होतो. पैसे वाचतील त्यातून पुस्तके घ्या.

प्रश्न : आमची संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी आहे. ऑडिटर म्हणतात जुनी टॅली आता चालणार नाही. विश्वस्त संस्थांना तर असे कुणी सांगत नाही. आम्हालाच का?
— एक संचालक, नाशिक

उत्तर : तुमचे ऑडिटर बरोबर आहेत. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी सॉफ्टवेअर वापरले तर प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद न करता येणारेच वापरायला हवे, आणि कलम ८ ची कंपनी ही कंपनीच आहे. टॅलीप्राइमची ‘एडिट लॉग’ आवृत्ती यासाठीच आहे. न्यासांना हा नियम नाही. वरच्या कोल्हापूरच्या ताईंनी तरीही तीच आवृत्ती बसवून घ्यावी असे मी म्हणेन. कुणी, कधी, कुठला आकडा बदलला हे त्यात दिसते, आणि सात जणांच्या केंद्रात त्यामुळे कुणाला कुणावर संशय घ्यावा लागत नाही.